विषय: उत्तर: मंडळात माणसं टिकत का नाहीत

कार्यकारिणीकडून:

नमस्कार मंडळी, गणपती तोंडावर आलेत. दरवर्षीप्रमाणे त्या दिवशी हॉल भरेल, दिवाळीला पण बऱ्यापैकी येतील आणि मग जानेवारीपासून कुणी फिरकणार नाही. वर्गणी कमी करायची की हॉल जवळचा बघायचा यावर मतं कळवा, रविवारी मीटिंग आहे.

त्यावर उत्तर:

दादा, वर्गणी आणि हॉल दोन्ही बाजूला ठेवा असं मला मनापासून वाटतं. माझं माहेर उत्तन, भाईंदर स्टेशनवरून बस पकडायची आणि शेवटी समुद्र लागतो ते गाव, आणि सासर ठाण्यात तलावपाळीजवळ. उत्तनला मी जे बघत मोठी झाले ते सांगते, कारण माणसं कशी टिकतात ते मला तिथेच कळलं.

आमचं गाव कोळ्यांचं, ख्रिस्ती कोळ्यांचं, आणि गावातलं सगळं चर्चभोवती फिरतं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, संपली की कुणी लगेच उठत नाही कारण सूचना असतात. कुणाचं लग्न ठरलंय ते लागोपाठ तीन रविवार वाचतात, कुणाला अडचण माहीत असेल तर फादरना कळवा म्हणून. मग कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, मच्छीमार सोसायटीची सभा कधी, शाळेचे फॉर्म कधी. बाहेर अंगणात बायका तासभर तरी उभ्या, बोंबलाचा भाव तिथे, मुलीसाठी स्थळ तिथे, भांडण झालं असेल तर ते मिटवायला दोन वडीलधारी माणसं पण तिथेच. आणि जन्म, लग्न, मरण सगळं चर्चच्या वहीत. इथे आल्यावर मला कागदपत्रांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागला तेव्हा भावाने ऑफिसात जाऊन त्याच जुन्या वहीतून काढून आणला, वरच्या ओळीत माझ्या चुलतबहिणीचं नाव होतं.

पण दादा, मुख्य गोष्ट वेगळीच आहे, तिथे प्रत्येकाला काम असतं. अगदी प्रत्येकाला. लहान पोरं अल्टरवर, म्हणजे वेदीपाशी, फादरच्या मदतीला, मोठ्या मुली गाणाऱ्या कॉयरमध्ये, कुणी फुलं करायची, कुणी झाडायचं, बॅन्डवाले वेगळे, मयतीला खांदा द्यायला आणि कबर खणायला माणसं ठरलेली. सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची माणसं जोडीने गरीब घरांत जातात, धान्य देतात, औषधाचं बघतात, आणि कुणाला काय दिलं ते बाहेर बोलत नाहीत. मे महिन्यात पाड्यापाड्यातल्या क्रुसासमोर लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना असते, क्रूस चुन्याने रंगवायचा, झेंडूच्या माळा लावायच्या, प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटायचे. माझी आई चण्यांचं बघायची, आदल्या रात्री भिजत घालायची आणि मीठ कमी पडलं तर अख्खा पाडा तिला बोलायचा! पण पुढच्या वर्षी चणे आईकडेच. तिला कुणी निमंत्रण पाठवत नव्हतं, तिच्याशिवाय लादीन झालीच नसती म्हणून ती असायची.

आपण मंडळात लोकांना बोलावतो ते बसायला आणि जेवायला. मग ते येतात, बसतात, जेवतात, जातात.

नाशिकहून आलेल्या काकांचं उत्तर:

ताई, छान लिहिलंत. आमच्याकडे गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर ती मोठी घंटा आहे ना, ती पोर्तुगीजांची, 1721 सालची, मराठ्यांनी वसई 1739 मध्ये घेतली त्यानंतर तिकडे आली असं लहानपणापासून ऐकलंय. पूर तिथवर चढला की किती पाणी आलं ते सगळं नाशिक घंटेवरून सांगतं. तुमचं चर्चबद्दलचं वाचून तिची आठवण झाली. पण एक शंका, तुमच्या गावात श्रद्धेने माणसं बांधलेली, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहणारी. आपण इथे चाळीस किलोमीटरवर पसरलेले, कुणी विदर्भाचं कुणी कोकणचं. ते इथे कसं जमणार?

त्यावर ताईंचं उत्तर:

काका, श्रद्धा आहेच, ती नसती तर रविवारी दारातच कुणी आलं नसतं, ते मी नाकारत नाही. पण माझ्या सासरचं चर्च बघा, ठाण्याचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट, चारशे वर्षांहून जुनं. तिथे आज मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, तमिळ, आमचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती, सगळे आहेत, भाषा वेगळी, गाव वेगळं, बहुतेक टॉवरमध्ये राहणारे. अशा मोठ्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या सगळ्या वस्तीत, एरियाप्रमाणे छोटे छोटे गट करतात, थोडी थोडी घरं, दर महिन्याला कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, बायबल वाचायचं, चहा घ्यायचा, आणि कोण दिसलं नाही त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन येतं. माझे सासरे हॉस्पिटलात होते तेव्हा डबा त्या गटातल्या मल्याळी बाईंनी दिला, आमच्या नात्यातली माणसं दोन दिवसांनी पोचली.

म्हणून रविवारच्या मीटिंगला माझं म्हणणं एवढंच, पिनकोडप्रमाणे गट पाडा, पंधरा-वीस घरांचा एक, आणि गणपतीचं एकेक काम एकेका गटाला द्या, कार्यकारिणीने त्यात हात घालायचा नाही, मोदक बिघडले तरी. नवीन आलेल्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात काम द्या, सहा महिने पाहुणे म्हणून ठेवू नका.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा सण. पूर्वेकडच्या घरांचा गट मी घेते आणि त्या दिवशी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं, ख्रिस्ती असा नसा. मी फुग्या, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल फुगीर पाव, तळणार आहे, नारळाच्या दुधातली खीर काकींनी करायची, नाशिकच्या काकांनी ढोलकी आणायची. लोंब्या इथे कुठे मिळतील ते कुणाला माहीत असेल तर लवकर कळवा.