मदत हवी आहे: तणनाशक सहन करणाऱ्या ज्वारीच्या संकरासाठी 'बी' लाइनचं काय करू?

नमस्कार मंडळी. ज्वारीच्या पैदासकामात अडकलोय, अनुभवी कुणी असेल तर कृपया सांगा.

इमिडॅझोलिनोन गटाचं तणनाशक सहन करणारा गुण माझ्या 'आर' लाइनमध्ये (संकराचा नर पालक) पक्का बसलाय. 'ए' लाइन (नरवंध्य मादी पालक) मात्र साधीच. दोघांचा संकर कुंड्यांत लावून रोपं तीन पानांची असताना त्यावर तेच तणनाशक फवारलं. आठवड्यात पोंग्यातलं नवं पान पिवळं पडलं, कडेला जांभळट झाक आली. रोपं मेली नाहीत, पण खुरटली. आर लाइन शेजारीच हिरवीगार उभी होती. म्हणजे जनुकाची एकच प्रत संकराला पुरत नाही, दोन्ही पालकांत हवी, असं मला वाटतं.

आता 'बी' लाइनमध्ये ('ए'ची जोडीदार, जिच्या परागाने 'ए'चं बी टिकवतात) बॅकक्रॉसने, म्हणजे पुन्हा पुन्हा मूळ बी लाइनशीच संकर करून, गुण आणतोय. प्रश्न हा की प्रत्येक पिढीत निवडलेल्या बी झाडाचे पराग लगेच 'ए'वर टाकत जाऊ, की आधी बी शुद्ध करू? पहिल्यात वेळ वाचतो, पण कणसं पिशव्यांत बांधण्याचं काम दुप्पट होतं. शिवाय एक प्रतवाली रोपं ओळखायला पूर्ण मात्रा फवारली तर तीही खुरटतील. अर्धी मात्रा पुरते का? एएलएस जनुकाचा (हे तणनाशक ज्या विकरावर काम करतं त्याचा जनुक) मार्कर, म्हणजे प्रती ओळखणारी डीएनए चाचणी, कुणी वापरलाय का?

आणखी एक काळजी आहे. बांधावर बरू (ज्वारीच्या जातकुळीतलं तण) आहे, त्याचा ज्वारीशी संकर होतो. गुण तिकडे गेला तर त्या तणनाशकाचा उपयोगच संपेल. म्हणून फुलोऱ्याआधी बरू खणून काढतोय. तुम्ही किती अंतर सोडता?