अनुभव धागा : ‘मूळचा कुठला?’ – निर्वासित तरुणांसोबत राहिलेल्यांनी लिहा

मी बर्लिनला राहते. ८ डिसेंबर २०२४ ला असदची सत्ता कोसळली, तेव्हा इथले सीरियन रस्त्यावर येऊन नाचले. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका मुलाला कामावर चौघांनी विचारलं, “मग आता परत जाणार ना?” संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला. म्हणून हा धागा.

तो २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी अलेप्पोहून एकटा आला. एकट्या आलेल्या मुलांच्या वसतिगृहात मी दर शनिवारी जर्मन शिकवायला जायचे. त्याला पूर्ण निर्वासिताचा दर्जा न मिळता दुय्यम दर्जाचं संरक्षण मिळालं आणि मार्च २०१६ पासून अशांना कुटुंब बोलावणं बंद झालं, ते थेट जुलै २०१८ पर्यंत. तोवर त्याला अठरा पूर्ण झाली होती, म्हणजे आईवडिलांना बोलावायचा हक्कही गेला. त्या काळात त्याच्या मोबाइलवरचं घड्याळ अलेप्पोच्या वेळेवर असायचं. मी कधी विचारलं नाही. आईला फोनवर तो रोज एकच सांगायचा, सगळं ठीक आहे. आज तो इलेक्ट्रिशियन आहे, बर्लिनच्या ढंगाचं जर्मन बोलतो. ‘परत’ म्हणजे नेमकं कुठे, हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. कुणाचं नाव नको.

*

पुण्यात माझा रूममेट काबूलचा होता. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं, त्या रात्री तो फोन छातीवर ठेवून पडून राहिला, झोपला नाही. त्यानंतर त्याने एक डिग्री संपताच दुसरीला प्रवेश घेतला, मग तिसरी. आम्ही त्याला हुशार समजायचो. खरं कारण व्हिसा होतं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदावर तो फक्त विद्यार्थी. पण हळूहळू तो शब्द त्यानेच घट्ट धरला. “मी विद्यार्थी आहे” म्हणताना तो ताठ बसायचा. परीक्षेच्या दिवसांत त्याला झोप नीट लागायची, सुट्टीत नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं, याचं वाईट वाटतं.

*

उल्हासनगर. आजोबा सिंधमधून कल्याण कॅम्पच्या बराकीत आले तेव्हा पंधराचे होते. ‘निर्वासित’ म्हटलं की चिडायचे. “आम्ही पुरुषार्थी,” म्हणायचे. शेवटपर्यंत.

*

मी जर्मनीतच नर्स आहे. अकरा-बारा वर्षांची मुलं आईसोबत येतात आणि डॉक्टरांचं बोलणं तिला समजावतात. एकदा डॉक्टर दोन मिनिटं बोलले, मुलीने आईला तीनच शब्द सांगितले. नंतर कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, “बाकीचं मी घरी हळूहळू सांगेन.” त्या दिवसापासून मी दुभाषी मिळेपर्यंत तपासणी पुढे ढकलायला लावते. उशीर होतो, बोलणी खावी लागतात. पण ते ओझं त्या पोरीचं नाही.

*

वरचं घड्याळाचं वाचून लिहावंसं वाटलं. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नोर्ग्येलिंगची. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ मध्ये वसलेली ही तिबेटी वसाहत. आईवडील तिबेटमध्ये जन्मलेले, मी इथे. तरी माझ्याकडे भारतीय पासपोर्ट नाही, पिवळं ओळखपुस्तक आहे आणि मुदत संपली की पुन्हा नवं करून घ्यावं लागणारं नोंदणीपत्र. थंडीत बाबा स्वेटर विकायला जायचे, मी सोबत. गिऱ्हाईक विचारायचं, “नेपाळचे का?” बाबा “हो” म्हणायचे. मला राग यायचा. नागपूरला कॉलेजात मला ‘चायनीज’ म्हणून चिडवायला लागले, तेव्हा मीही नेपाळच सांगू लागले. एका शब्दात सुटका व्हायची. मग १० मार्च आला. त्या दिवशी आमच्याकडे १९५९ च्या उठावाची आठवण काढतात. आजी मिरवणुकीत झेंडा घेऊन चालत होती, नि मी वर्गात बसून नेपाळी झाले होते. महिनाभर जेवण गेलं नाही.

आता मी “गोठणगावची” सांगते. समोरचा म्हणतो, “नाही हो, मूळची?” मी पुन्हा गोठणगावचीच सांगते. आणि त्याला वेळ असेल तर बसवून पुढचं सगळं सांगते, आजीपासून.