मदत हवी आहे: लगश विरुद्ध उम्मा गेममध्ये युद्धगाड्या कशा खेळवायच्या?

मंडळी, इथे कोणी ब्रॉन्झ एजच्या मिनिएचर आर्मी (टेबलवर छोट्या फिगर्सनी लढाई) खेळवतं का? आम्ही लगश विरुद्ध उम्मा, म्हणजे आजच्या इराकमधली दोन सुमेरियन शहरं, टेबलवर मांडतोय, साधारण इ.स.पू. २४५० च्या आसपासची लढाई, गुएदेन्नाच्या सुपीक पट्ट्यावरून आणि कालव्याच्या पाण्यावरून दोन शहरांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं भांडण, म्हणजे आपल्याकडे बांधावरून भावकीत पेटतं ना, तसंच. लगशकडून राजा एअन्नातुम.

पायदळाचं टेन्शन नाही, लूव्र म्युझियममधल्या गिधाडांच्या शिळेवर (एअन्नातुमच्या याच विजयाचा कोरीव दगड) मोठ्या ढाली लावून भाल्यांची दाट रांग स्पष्ट दिसते, तीच बेसवर चिकटवली, मस्त दिसतेय. घोळ आहे तो गाड्यांचा. उरच्या स्टँडर्डवर (उर या सुमेरियन शहरात सापडलेली, युद्धाची चित्रं जडवलेली पेटी) चार चाकांची गाडी, भरीव चाकं, चार जनावरं, एक हाकणारा आणि मागे एक भालेवाला, पुढे भाल्यांचा भाता. घोडे नाहीत बरं का, गाढवाच्या जातीतली जनावरं. आता आमचा एक मित्र म्हणतो की या थेट शत्रूवर घालायच्या, चित्रात माणसं तुडवताना दाखवलीयेत की! मला वाटतं ते चित्र म्हणजे नुसतं राजाचं केलेलं कौतुक, एवढं जड धूड वळणार कसं, मी तर फक्त भाले फेकून माघारी फिरायचा रोल देईन, आणि फुटलेल्या रांगेचा पाठलाग.

तर वळताना गाडीची किती मूव्ह (एका पाळीतली चाल) कापता तुम्ही? भाल्यांच्या रांगेवर समोरून चार्ज करू देता का? आणि कालवा आडवा आला तर गाडी डायरेक्ट अडवायची की डाइस टाकायचा? २८ मिमीच्या फिगर्स आहेत, नियम घरचेच. रविवारी खेळायचंय, तोवर सांगा प्लीज.