ऑफिसच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावू नका

शनिवार

ए ३०१ सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर कालपासून चालू व्हायला २० मिनिटं घेतोय, आतून टकटक आवाज येतो. रिपेअरवाला म्हणतो, फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकतो, ८०० रुपये, संध्याकाळी परत. पाठवून देऊ ना?

ए ५०२: 👍

सी २०४: थांबा साहेब!! आधी तो नीट शटडाउन करा.

सी २०४: फॉरमॅट मारला की २०१२ पासूनचं सगळं गेलं. मिनिट्स, नॉमिनेशन रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटांचे स्कॅन, लीकेजचा पत्रव्यवहार. मॅनेजरचा आणि खजिनदारांचा लॅपटॉपही त्यातल्याच फोल्डरवर चालतो. नावाला कॉम्प्युटर, कामाला सर्व्हर.

बी १०१ काका: घाबरू नका. मी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतो.

ए ५०२: काका झिंदाबाद

सी २०४: काका, तो लावून स्क्रीनचा एक फोटो टाकता का?

बी १०१ काका: 📷

सी २०४: काका, फोल्डरच्या चिन्हावर खाली डावीकडे छोटा बाण दिसतोय. साईझ २ केबी. हा शॉर्टकट आहे. दारावरची पाटी आणलीत, घर तिथंच राहिलं.

बी १०१ काका: म्हणजे ४ वर्षं मी पाटीच नेत होतो?

सी ४०३: 😂😂 सॉरी काका. पाण्याची मोटार कधी लावणार?

ए १०४ खजिनदार: मोटार राहू दे ताई, माझ्या टॅलीतल्या हिशोबाचं काय? ऑडिटर पुढच्या आठवड्यात येतायत.

सी २०४: सांगतो, जरा लांब होईल. आवाज करणाऱ्या डिस्कवर आता काहीही लिहायचं नाही. विंडोजची चेकडिस्क तपासणीही नाही, ती दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत सुटते. डिस्क मी घरी नेतो आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावतो, बिघडत्या डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्राम. तो सहज वाचता येतंय तेवढं आधी नव्या डिस्कवर उतरवतो, अडलं की पुढे सरकतो आणि खराब जागांकडे शेवटी परत येतो. कुठवर आला त्याची नोंद ठेवतो, त्यामुळे लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नाही. टकटक वाढली तर मी थांबणार. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडेच, आणि तिथे ८०० मध्ये भागत नाही.

मशीनवर विंडोज ७ आहे. तिचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला बंद केले. ११ त्यावर चढणार नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही त्यात. म्हणून जुन्यावर काही चढवायचंच नाही. नवं शेजारी उभं करायचं, सामान हलवायचं, जुनं लगेच पाडायचं नाही. रिडेव्हलपमेंटला आपण बिल्डरशी ज्यावरून भांडतो तेच!

नवं म्हणजे दोन डिस्कचा नॅस, नेटवर्कवरून सगळ्या लॅपटॉपना फाइली देणारा डबा. दोन्हीवर तोच डेटा, एक गेली तर दुसरी आहे. पण त्याला बॅकअप म्हणू नका. मॅनेजरने चुकून फोल्डर उडवला तर दोन्हीवरून एकदमच उडेल. आणि हौसेने जुनी डिस्क त्यात घालू नका, पहिल्या सेटअपला तो आतल्या डिस्क पुसून घेतो.

ए १०४ खजिनदार: टॅली??

सी २०४: आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, १०००० वगैरे. ते अख्खे उचलायचे. मग तुम्ही उघडून ३१ मार्चचा ताळेबंद छापील अहवालाशी जुळवा. जुळला तरच डेटा आला.

रविवार

सी २०४: रात्रभर चालवलं. ६१ जीबी आलं, ३ फाइली गेल्या. तिन्ही २०१४ च्या गणपतीचे व्हिडिओ.

ए ५०२: माझा डान्स होता त्यात 😭

सी ४०३: देव पावला.

सी २०४: नॅसवर कॉपी करून दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश (मजकुरावरून निघणारे ठसे) ताडले, सगळे जुळले. लॅपटॉपवर ड्राइव्हचं अक्षर पूर्वीचंच ‘झेड’ ठेवलंय, म्हणजे मेंटेनन्सच्या एक्सेलमधल्या लिंक तुटणार नाहीत.

ए १०४ खजिनदार: ताळेबंद पैशासकट जुळला 🙏

सी ४०३: पण २०१३ चे मिनिट्स उघडले तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. फाइल बिघडली का?

सी २०४: नाही ताई, फाइल शाबूत आहे. तेव्हा युनिकोड नसलेल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार देणाऱ्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. तो फॉन्ट जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये राहिला, आपण फक्त सोसायटीचा फोल्डर उचलला. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रात्री उतरवलेल्या अख्ख्या डिस्कच्या कॉपीत असेल, काढतो.

सी ४०३: दिसलं! ‘ठराव क्र. ४, टाकीची गळती’.

ए ३०१ सेक्रेटरी: ती अजून गळतेय.

सी २०४: जुने सगळे मिनिट्स पीडीएफ करून ठेवू, फॉन्ट त्यातच बसतो. जुनी डिस्क पाकिटात घालून तारीख लिहून कपाटात. ऑडिट होईपर्यंत कोणी काढायची नाही.

बी १०१ काका: आता खरा बॅकअप नेतो. पण माझा पेन ड्राइव्ह १६ जीबीचा आहे.

सी २०४: काका, रिकाम्या हाताने या. १ टीबीची डिस्क घेतलीय, ती तुमच्या घरी राहील. दर १ तारखेला ऑफिसात आणायची, पहिल्यांदा मी सोबत बसतो.

ए १०४ खजिनदार: बिल जीएसटीवालं आणा.