डॉसन सिटी ते इनुविक गाडीने जायचंय, मुलीकडे. कोणी गेलंय का त्या रस्त्याने?

गंगापूररोडचे_काका

नमस्कार मंडळी. नाशिकहून लिहितोय. माझी मुलगी कॅनडात नर्स आहे, गेल्या ऑक्टोबरपासून ती आणि जावई इनुविकला आहेत, म्हणजे पार वर, आर्क्टिक सर्कलच्याही पलीकडे. जूनच्या शेवटी मी आणि सौ. जातोय. व्हाइटहॉर्सपर्यंत विमानाने जायचं ठरलंय, पुढेही विमान आहे पण जावई म्हणतो बाबा तुम्ही आयुष्यभर गाडी चालवलीत, मी गाडी घेऊन येतो, आपण डेम्पस्टर हायवेने जाऊ. मी ३० वर्षं पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यात औषधांची डिलिव्हरी केलीय, पावसाळ्यात सावळ घाटात दरड पडल्यावर रात्र गाडीत काढलीय, त्यामुळे कच्च्या रस्त्याची भीती नाही, पण हा रस्ता सातशे किलोमीटरच्या वर सगळा खडीचा आहे म्हणतात आणि मध्ये गावच नाहीत, ते कसं काय असतं ते कळत नाहीये. वय ६१, बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठीक.

दुसरं म्हणजे, आणि खरं तर हेच जास्त मनात आहे. डिसेंबरात मुलीने व्हिडिओ कॉल केला, तिकडे दुपार होती आणि खिडकीबाहेर अंधार. ती म्हणाली बाबा महिनाभर सूर्य दिसणार नाही. आवाज नेहमीसारखाच होता, हसत होती, पण तेव्हापासून सौ. रोज देवाजवळ बसून तेच विचारते, पोर एकटी पडली असेल का तिथे. तिथली माणसं कशी आहेत हे ज्याला माहिती आहे त्याने प्लीज सविस्तर लिहा. वाचून सौ.ला दाखवणार आहे.

सिडको_ते_कॅलगरी

काका, जा. नक्की जा आणि गाडीनेच जा. मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये मित्रासोबत केलाय हा रस्ता, जाऊन येऊन, तर जे बघितलं ते सांगतो.

व्हाइटहॉर्स ते डॉसन साधारण ५३० किमी, तो रस्ता चांगला आहे. डॉसनच्या अलीकडे ४० किमीवर उजवीकडे फाटा फुटतो, तिथून डेम्पस्टर सुरू, इनुविकपर्यंत ७३६ किमी. पहिला पेट्रोल पंप ईगल प्लेन्सला, ३६९ किमीवर. म्हणजे नाशिकहून पुण्याला जायचं आणि परत फिरून संगमनेरपर्यंत यायचं, एवढ्या अंतरात एकही पंप नाही, टपरी नाही, मोबाईलला रेंज नाही. टाकी फुल्ल करून निघायचं आणि वर कॅन भरून ठेवायचा. ईगल प्लेन्सला हॉटेल आहे, मुक्काम तिथेच करा, सोबत काकू आहेत तर एका दिवसात ओढायच्या फंदात पडू नका. तिथून पुढे ३५ एक किमीवर आर्क्टिक सर्कलचा बोर्ड लागतो.

आता टायर. आपल्याकडची खडी आणि तिकडची खडी यात फरक आहे. तिकडे शेल नावाचा दगड आहे, पाटीच्या तुकड्यासारखा पातळ, कडा सुरीसारख्या, तो टायरमध्ये उभा घुसतो. आमचे एका दिवसात दोन टायर गेले आणि स्टेपनी एकच. पहिला गेला तेव्हा बाजूची भिंतच फाटली होती, तो कामातून गेला. दुसरा गेला तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले, ऊन लख्ख, वारा असा की गाडीचा दरवाजा दोन हातांनी धरावा लागत होता, आणि चारही बाजूंना नुसता माळ, झाड म्हणून नाही. बसलो. वीस-पंचवीस मिनिटांनी एक पिकअप आली, थांबणार का ही शंकाच नको, लांबूनच स्पीड कमी केला. फोर्ट मॅकफर्सन गावचं ग्विचिन जोडपं होतं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, दोघं सत्तरीचे असतील. बाई उतरल्या आणि काय झालं वगैरे काही नाही, थर्मासमधून चहा ओतून हातात दिला. कॅरिबूचं, म्हणजे तिकडच्या रेनडिअर हरणाचं, सुकवलेलं मांस पुढे केलं, मी शाकाहारी म्हटल्यावर बॅनक दिला, म्हणजे आपल्या जाड दशमीसारखी त्यांची रोटी. तोवर त्यांचे यजमान गुडघ्यावर बसून पकडीने दगड उपसत होते, तुकडा निघाला तो माझ्या बोटाएवढा, मग चिकट दोरी खुपसून भोक बंद केलं, त्यांच्याच पंपाने हवा भरली. पैसे घेतले नाहीत. आईने दिलेला चिवड्याचा पुडा होता तो मात्र घेतला, आणि मग पील नदीच्या फेरीपर्यंत दीडेक तास आमच्या मागे मागे हळू चालवत आले, टायर टिकतो का बघायला. एरवी ते कधीच पुढे निघून गेले असते.

त्या रस्त्यावर हा नियमच आहे काका, कोणी थांबलेलं दिसलं की थांबायचं, काच खाली करून ठीक आहे का विचारायचं, नुसतं फोटो काढत असला तरी विचारायचं. तुम्हीही विचारा.

तर जावयाला सांगा, दोन पूर्ण साइजच्या स्टेपन्या, जाड प्लायचे ट्रकवाले टायर, पंक्चर किट, हवेचा पंप, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी कारण मऊ भरावात जॅक रुततो. सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र मिळतं ते घ्या. गाडी स्वतःची आहे हे बरं, भाड्याच्या गाड्यांना खडीच्या रस्त्यावर इन्शुरन्स लागू नसतो बऱ्याचदा. समोरून ट्रक आला की एकदम हळू व्हा नाहीतर काच गेली. आणि रस्त्यावर धूळ बसायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात, पाऊस पडला की त्याचा साबणासारखा चिखल होतो आणि गाडीला सिमेंटसारखा चिकटतो, पोचल्यावर लगेच धुवा.

नद्या दोन आहेत, पील आणि मॅकेंझी, दोन्हीवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरी बोट, फुकट आहे, गाडी चढवायची आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. हिवाळ्यात नदी गोठली की त्याच बर्फावरून गाड्या जातात, ट्रकसुद्धा. पण मधले काही आठवडे, बर्फ फुटताना आणि धरताना, ना बोट ना बर्फ, रस्ता बंद म्हणजे बंद. जूनच्या शेवटी तुम्हाला अडचण नाही, तरी निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती बघूनच निघा. पाणी वाढलं की फेरी थांबते आणि मग काठावर वाट बघायची, दुसरा उपाय नाही.

काळी_माती

मी रस्त्यांची कामं करतो, निफाड येवला भागात. गेलेलो नाही पण या विषयाचं वाचन बरंच केलंय म्हणून थोडं लिहितो, कारण काकांनी विचारलंय की एवढा मोठा रस्ता खडीचाच का. आपल्याकडे काळ्या मातीत रस्ता करताना काय त्रास होतो, पावसात फुगते उन्हात भेगाळते आणि वरचं डांबर लाटेसारखं होतं. तिकडे जमीनच गोठलेली आहे, खाली बर्फ. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो, आणि वरचं शेवाळ, गवत खरवडलं की ऊन खोलवर जातं आणि जमीन खचते. म्हणून तिथे खोदत नाहीत. आपण आधी माती उकरून बेड करतो, ते उलट, जे आहे ते तसंच ठेवून वर जाड भराव टाकतात, भराव म्हणजे खालच्या बर्फाला पांघरूणच. त्यावर डांबर टाकलं तर जमीन हलली की फुटणार, खडी परत ग्रेडरने सारखी करता येते.

इनुविकच्या पुढे समुद्रापर्यंत, टुक्टोयाक्टुकपर्यंत, १३८ किमीचा रस्ता २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. तो बराचसा हिवाळ्यात बांधलाय, जमीन कडक असताना, आधी कापड अंथरलं जिओटेक्स्टाइलचं, मग भराव. उणे तीस-चाळीसमध्ये डंपर चालवणाऱ्या त्या ऑपरेटर लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्याच्या आधी टुकला गाडीने जायचं तर फक्त हिवाळ्यात, गोठलेल्या नदीवरून आणि गोठलेल्या समुद्रावरून. काका वेळ असेल तर टुकपर्यंत जाऊन या, गावाजवळ पिंगो आहेत, पोटात बर्फ असलेल्या टेकड्या, सगळ्यात मोठा इब्युक ४९ मीटर उंच आहे.

नाशिकरोडची_पोर

काका मी हे फक्त काकूंसाठी लिहितेय. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इनुविकला दोन हिवाळे काढलेत, त्यामुळे ऐकीव नाही.

पहिल्यांदा अंधाराचं. सूर्य साधारण ६ डिसेंबरला जातो आणि ६ जानेवारीच्या आसपास येतो, पण काळामिट्ट अंधार चोवीस तास नसतो हो. दुपारी काही तास निळा उजेड असतो, आपल्याकडे पहाटे काकड आरतीच्या वेळेला असतो ना तसा, बर्फावर तो निळा पडतो आणि सगळं गाव त्यात दिसतं. मला पहिल्या वर्षी त्रास झाला, खोटं नाही सांगत, झोप बिघडली, कारण नसताना रडू यायचं. पण गंमत अशी की ते तिथे कोणाला लपवावं लागत नाही, दुकानात बिलिंगला उभी असलेली बाईच विचारते, झोप लागते का गं, तो लख्ख उजेडाचा दिवा घेतलास का. शेजारची आजी, इनुवियालुइट म्हणजे तिथल्या मूळ इनुइट लोकांपैकी होती, ती येऊन मला हाताला धरून बाहेर फिरायला न्यायची, उणे तीसमध्ये, म्हणायची घरात बसलीस तर अंधार मोठा होतो.

आणि जानेवारीत सूर्य यायचा असतो तेव्हा सनराइज फेस्टिव्हल, मोठी शेकोटी, फटाके, सगळं गाव रस्त्यावर, लेकरं खांद्यावर. पहिली किनार दिसली तेव्हा मला रामकुंडावरची संक्रांतीची सकाळ आठवली आणि मी आईला फोन लावून नुसती रडले, आनंदाने.

गाव केवढं, तीन हजारांच्या वर थोडी माणसं. १९५०च्या दशकात आखून वसवलं कारण जुनं गाव अकलाविक पुरात बुडायचं (अकलाविकची माणसं सगळी हलली नाहीत बरं, ते गाव अजून आहे). घरं खांबांवर आहेत, आणि पाण्याचे सांडपाण्याचे पाइप जमिनीच्या वरून, पत्र्याच्या लांब पेटीतून घरोघरी जातात, कारण पुरले तर जमीन वितळेल. काकू गेल्या की त्यांना पहिलं तेच दिसेल.

एक जुनी आइस हॉकीची इमारत आहे तिचं त्यांनी ग्रीनहाऊस केलंय, गावातल्या लोकांना वाफे मिळतात. उन्हाळ्यात ५० च्या वर दिवस सूर्य मावळत नाही, पालक असा भराभर येतो की खुडून वाटावा लागतो. माझी अर्धी ओळख तिथे झाली, वाफ्याला वाफा लागून. मुलीला वाफ्यासाठी नाव नोंदवायला सांगा आत्ताच.

मशीद आहे तिथे, तिची गोष्ट मला फार आवडते. २०१० मध्ये विनिपेगला बांधली, अख्खी, आणि ट्रकवर ठेवून ‘हे रिव्हर’ नावाच्या गावापर्यंत आणली आणि तिथून बार्जवर, म्हणजे मालवाहू सपाट बोटीवर, मॅकेंझी नदीतून खाली, ४००० किमी प्रवास, सीझनची शेवटची बार्ज गाठली. ती काठावर लागली तेव्हा इतर धर्माची माणसंही बघायला गेली होती असं मला तिथल्या लोकांनी सांगितलं. तिथे जे काही येतं ते असंच लांबून, कष्टाने येतं म्हणून आलेल्याची किंमत असते, माणसाची सुद्धा. नद्या बंद असतात त्या आठवड्यांत दूध भाजी विमानाने येते आणि भाव चढतात, तेव्हा ज्याच्याकडे कॅरिबू आहे, मासे आहेत, तो दार वाजवून देऊन जातो. वर डबा परत करताना रिकामा करायचा नाही हे आपल्यासारखंच. मी थालीपीठं द्यायचे.

आणि ज्या रस्त्याने तुम्ही जाणार त्याचं नाव कसं पडलं ते सांगते. डिसेंबर १९१० मध्ये चार पोलीस फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला टपाल घेऊन कुत्र्यांच्या गाडीने निघाले. वाटेत ग्विचिन वाटाड्या भेटला होता, त्याला थोडे दिवस घेतलं आणि परत पाठवलं. पुढे वळायचा ओढा सापडला नाही, परत फिरले आणि चौघेही वाटेतच दगावले. फेब्रुवारी १९११ च्या शेवटी डेम्पस्टर नावाचा पोलीस शोधायला निघाला, त्याने ग्विचिन वाटाड्या शेवटपर्यंत सोबत ठेवला, त्यालाच ते सापडले. तुमच्या मुलीला पहिल्या महिन्यातच कोणीतरी ही गोष्ट सांगितली असेल बघा. तिथे नवीन माणसाला सांगतातच, आणि सांगायचा अर्थ एवढाच की आम्हाला विचार, एकटी नको जाऊस.

द्राक्षबाग_निफाड

आमच्याकडे पारा ४ वर आला की रात्रभर बागेत शेकोट्या करतो, मण्यांना तडे जातात म्हणून. उणे चाळीसमध्ये गाडी चालू कशी होते हो?

नाशिकरोडची_पोर

इंजिनला हीटर बसवलेला असतो, रात्री गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवायची, मोबाईलसारखी. लावायची विसरली तर सकाळी शेजारी येतो जंपर केबल घेऊन.

गंगापूररोडचे_काका

सगळ्यांचे मनापासून आभार. सौ.ने तीनदा वाचलं, नाशिकरोडच्या पोरीचं तर मोठ्याने वाचून घेतलं माझ्याकडून. मग रात्री मुलीला फोन केला आणि विचारलं ती पोलिसांची गोष्ट तुला कोणी सांगितली का. ती म्हणाली आई तुला कशी माहिती, माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितली. सौ. त्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली म्हणायला हरकत नाही.

मुलीने आणखी एक सांगितलं जे आम्हाला माहितीच नव्हतं, मार्चमध्ये ती तापाने पडली होती चार दिवस, आणि रोज कोणीतरी सूप ठेवून जायचं दाराशी, कोण ते तिला अजून पूर्ण कळलेलं नाही.

जावयाला दोन स्टेपन्या, पंप आणि फळी सांगितलीय, मुक्काम ईगल प्लेन्सला बुक केला. टुकचं तिथे जाऊन ठरवू. सौ. इथून बेदाणे नेते म्हणतेय, घरमालकीणबाईंना आणि त्या सूपवाल्यांना, पिंपळगावच्या ओळखीच्या माणसाकडे सांगून ठेवलेत. सिडकोवाले, फोर्ट मॅकफर्सनच्या त्या जोडप्याचं गाव वाटेतच लागतं ना, घर कुठल्या बाजूला काही आठवतंय का? त्यांच्यासाठीही एक पुडा ठेवतो.

सिडको_ते_कॅलगरी

काका, नावं इथे लिहीत नाही, मेसेज केलाय. फेरी उतरलात की ११-१२ किमीवर गाव आहे, गावात शिरल्यावर कोणालाही विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. चिवडापण न्या, त्यांना आवडला होता.