मदत हवी आहे: बाप्तिस्म्याच्या तयारीत ‘विश्वास आणि कृत्ये’ कोणत्या क्रमाने शिकवावे?

प्रौढ उमेदवारांसाठी सहा पाठांचा वर्ग आहे, प्रत्येक पाठ एक तासाचा. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यात कबुली, दोन पाठांत नीट होतो. अडतं ते तिसऱ्यात, म्हणजे मुखाने कबुली दिल्यावर पुढे जगायचं कसं, इथे.

आधी बायबलमधलं रोमकरांस 10:9-10 (मुखाने कबुली, अंतःकरणात विश्वास, म्हणजे तारण) आणि लगेच याकोब 2:17 (कृत्यांवाचून विश्वास निर्जीव) घेऊन पाहिलं. उमेदवारांना वाटलं की तारण कृत्यांनी मिळवायचं असतं. मग इफिसकरांस 2:8-9 ने (तारण कृपेने, कृत्यांनी नव्हे) सुरुवात केली, तर सगळे ‘कृपेने’वरच थांबले. दहावं वचन, ‘सत्कृत्ये करण्यासाठी’, मागेच राहिलं. माझ्या मते चूक तिथेच होते, आठ ते दहा ही तीन वचनं तोडूच नयेत.

करावं आणि करू नये अशी यादी द्यायची नाही. तिचं लगेच नवं नियमशास्त्र होतं. काहींना वाचता येत नाही, म्हणून उतारा ऐकून लक्षात राहील असा हवा. बालबाप्तिस्म्याचा वाद इथे नको.

जकातदार जक्कयाचा प्रसंग (लूक 19:1-10) मनात आहे: येशू आधी त्याच्या घरी येतो, लोकांकडून अन्यायाने घेतलेल्याच्या चौपट परतफेडीचा जक्कयाचा शब्द नंतर. पण ‘आज या घराला तारण झाले आहे’ हे परतफेडीच्या शब्दानंतर येतं, म्हणून पुन्हा तोच गैरसमज होईल का? तुम्ही हा क्रम कसा उलगडून सांगता, आणि समज पक्की झाली का हे पाहायला उमेदवाराला नेमका कोणता प्रश्न विचारता?