रोमँटिक काळ खरंच १७९८ ला सुरू झाला का?

रानवाट: इंग्रजी साहित्याचा रेस्टोरेशन (राजेशाही परत आली तो काळ) ते रोमँटिक असा पेपर आहे. नोट्समध्ये १६६० ला चार्ल्स दुसरा इंग्लंडच्या गादीवर आला, बंद नाट्यगृहं उघडली, मग ड्रायडन, पोप हे कवी, आणि १७९८ ला वर्ड्सवर्थ-कोलरिजचा 'लिरिकल बॅलड्स' हा कवितासंग्रह आला की सगळं बदललं! पोपचे घोटीव कपलेट (यमक जुळवलेल्या दोन-दोन ओळी) वाचून थेट वर्ड्सवर्थकडे गेलं की मधे काही घडलंच नाही असं वाटतं. असं एका रात्रीत झालं?

जुनी_वही: छे हो, १७९८ ही शिकवणाऱ्यांच्या सोयीची तारीख. ती आवृत्ती निनावी होती, आणि परीक्षेत जिच्यावर हमखास प्रश्न येतो ती वर्ड्सवर्थची प्रस्तावना १८०० च्या आवृत्तीतली. त्या वेळी कोलरिजच्या कविता आत असूनही नाव छापलं एकट्या वर्ड्सवर्थचं. मला हे अजून खटकतं.

कूपर, बर्न्स हे कवी मधे आहेतच, पण तुम्ही शार्लट स्मिथ वाचा. नवरा कर्जापायी तुरुंगात, घरात मुलांचं लेंढार. पैसे उभे करायला बाईंनी १७८४ मध्ये सॉनेट्स (चौदा ओळींच्या कविता) छापली. समुद्र, चंद्र, एकटेपण, सगळा सरंजाम तिथे आधीच हजर! १७९१ मध्ये फ्रान्सला निघालेला तरुण वर्ड्सवर्थ वाटेत ब्रायटनला त्यांना भेटून गेला. इंग्रजी कवितेवर त्यांचं किती ऋण आहे ते कोणी मानणार नाही की लक्षात ठेवणार नाही, अशा अर्थाचं पुढे त्यानेच लिहिलं.

पेन्सिल: आधीच्या पिढीतल्या ग्रे या कवीला मात्र वर्ड्सवर्थने त्या प्रस्तावनेत झोडपलंय ना?

जुनी_वही: झोडपलंय, पण कसं ते बघा. मित्राच्या मृत्यूवरचं ग्रेचं सॉनेट अख्खं दिलं, त्यातल्या पाच ओळी तिरप्या अक्षरात छापल्या आणि म्हटलं, दम आहे तो एवढ्याच ओळींत. त्या ओळी गद्याइतक्या साध्या आहेत, हा वर्ड्सवर्थचा मुद्दा. ग्रेची बाकी कविता पाहता थोडा अन्यायच.

खडूफळा: बायरनला विसरू नका. १८०९ मध्ये वर्ड्सवर्थची टर उडवली ती पोपच्याच कपलेटमध्ये, आणि १८२१ मध्ये पोपला कमी लेखणाऱ्या बोल्स या कवीविरुद्ध पोपची बाजू घेऊन भांडला.

रानवाट: स्मिथचं कुठलं सॉनेट आधी घेऊ?

जुनी_वही: ४४ वं. ससेक्समधल्या मिडलटनच्या दफनभूमीत समुद्र घुसतो, थडगी फोडून हाडं बाहेर काढतो. मग ७० वं. कड्यावर एक वेडा फिरतो, तिकडे जाऊ नका, असं बजावल्यावर लिहिलेलं. बाईंना भीती नाही, त्याचा हेवा वाटतो. शीर्षक एवढं लांब की पाठ करायच्या भानगडीत पडू नका.